पपईचा चीक आणि नॅनोग्रॅमचा तराजू

पहाटे ५

डिसेंबरात शहादा तालुक्यातली पहाट बारा-तेरा अंशांवर येते. पपईचा चीक काढायचा तर याच वेळी. ऊन चढलं की झाडातला पाण्याचा दाब उतरतो आणि चीर दिली तरी फळ दोन-चार थेंबांवर थांबतं. नाना बॅटरी धरतात, मी हातमोजे घालते. हा चीक कातडी खातो, हे तोडणीवाल्या मजुरांच्या बोटांवर दिसतं.

वाण तैवान ७८६. आमच्या भागातल्या बहुतेक बागा याच वाणाच्या. पूर्ण वाढलेलं पण हिरवंगार फळ निवडायचं आणि सालीवर चार उभ्या चिरा द्यायच्या, दोन-तीन मिलिमीटर खोल, त्याहून जास्त नाही. पातं स्टेनलेस स्टीलचं. साधं लोखंड, तांबं, पितळ या चिकाला चालत नाही, कारण त्या धातूंचा अंश उतरला की त्यातलं पपेन निकामी होतं. दुधासारखे थेंब प्लास्टिकच्या बाटलीत पडतात आणि काही मिनिटांत दह्यासारखे धरतात. एक बाटली बर्फाच्या थर्मासात जाते. बाकीचा चीक दोन ताटल्यांत पसरायचा, एक ताटली दिवसभर गच्चीवर उन्हात आणि दुसरी ओसरीत, जाळीखाली, वाऱ्याला.

पपेन हे प्रथिनं तोडणारं विकर. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईची फोड टाकतात ती याच्याच भरवशावर. २१२ अमिनो आम्लांची ही एक साखळी. १९६८ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला यान ड्रेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या मदतीनं तिची घडण उलगडली. साखळीतलं २५ व्या जागेवरचं सिस्टीन हे तिचं पातं. त्याच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी असते. हवेतल्या ऑक्सिजननं ती जोडी बिघडवली की रेणू जवळजवळ जसाच्या तसा राहतो, वजनही जवळजवळ तेवढंच राहतं, पण कापणं थांबतं. बिघाड थोडा असेल तर दुरुस्त होतो, पुढं गेला तर कायमचा.

म्हणून हा चीक नंदुरबारलाच तपासायचा असा माझा हट्ट आहे. नमुना कुरिअरनं पुण्या-मुंबईला पाठवला तर तिथली मोठी यंत्रं प्रवासानं थकलेला चीक मोजतील. आमच्या बागेत सकाळी जे होतं ते त्यांना कधीच दिसणार नाही.

सकाळी ७

शहाद्याहून नंदुरबारची एसटी. थर्मास मांडीवर. प्रकाशा गावाशी तापी ओलांडताना पुलावरून पाणी वाफाळताना दिसतं. तापी-गोमाईच्या संगमावरचं हे गाव देवदर्शनासाठी ओळखलं जातं, पण इथल्या पांढरीच्या टेकाडात १९५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकाखाली एक काढून दाखवले. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. तालुक्यातल्या प्रत्येक मुलाला ते टेकाड एकदा तरी दाखवायला हवं.

नंदुरबार जवळ आलं की खिडकीतून आधी तिखट वास येतो. मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या आहेत, लाल मैदानंच्या मैदानं. बसमधली लहान मुलं शिंकायला लागतात.

सकाळी साडेआठ

प्रयोगशाळेत पहिलं काम म्हणजे तापमान बघणं. खोली उत्तरेच्या बाजूची, खिडक्यांना आतून थर्माकोल लावलेलं. तरी पहाटेचे तेरा अंश आणि दुपारचे तीस अंश यांच्यामध्ये या खोलीला रोज चढ-उतार करावा लागतो. यंत्राची पेटी २५ अंशांवर धरून ठेवणारी आहे, तिला स्थिर व्हायला वेळ द्यायचा. बफरची, म्हणजे आम्लता ढळू न देणाऱ्या द्रावणाची, बाटलीही त्याच तापमानाला आणून ठेवायची. हे सगळं का, ते थोड्या वेळानं आकड्यांतच दिसेल.

मग क्रिस्टल. चौदा मिलिमीटर व्यासाची, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी जाड क्वार्ट्झची चकती, दोन्ही बाजूंना सोन्याचा पातळ मुलामा. क्वार्ट्झ दाबलं की त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो, हे पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही खरं आहे. वीज लावली की क्वार्ट्झ हलतं. स्फटिकाच्या अक्षाशी सुमारे ३५ अंश १५ मिनिटांचा कोन धरून चकती कापली की तिची दोन पृष्ठं एकमेकांना समांतर, आडवी सरकतात. या कापाला एटी काप म्हणतात. त्याचा मोठा गुण असा की खोलीच्या तापमानाच्या आसपास चकतीची स्वतःची वारंवारता फारशी ढळत नाही. माझी चकती ५ मेगाहर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला ५० लाख वेळा सरकते.

अशा चकतीवर काहीही बसलं की तिचा वेग किंचित उतरतो. रेडिओचे तंत्रज्ञ हे आधीपासून जाणत होते. पेन्सिलीचं शिसं घासून क्रिस्टलची वारंवारता खाली आणण्याची युक्ती त्यांच्या हातातली होती. पण वारंवारतेतली घट आणि बसलेलं वस्तुमान यांचं सरळ प्रमाण मांडून या चकतीचा तराजू केला तो जर्मनीच्या ग्युंटर साउरब्राय यांनी, १९५९ मध्ये. माझ्या चकतीसाठी त्यांचं समीकरण सांगतं की एक हर्ट्झची घट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १७.७ नॅनोग्रॅम. शेजारच्या रसायनशास्त्राच्या खोलीत काचेच्या पेटीतला तराजू आहे, तो ग्रॅमचा दहा हजारावा भाग दाखवतो. माझा एक हर्ट्झ त्याहून साडेपाच हजार पट बारीक आहे, आणि यंत्र हर्ट्झच्या दशांशातही बोलतं.

सकाळी साडेनऊ

काल संध्याकाळी सोन्याची चकती अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाण्याच्या गरम मिश्रणात धुतली होती. मग नायट्रोजननं सुकवून, हवेतली वारंवारता नोंदवून, रात्रभर ऑक्टाडेकेनथायॉलच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात बुडवून ठेवली. आज ती बाहेर काढून अल्कोहोलनं धुते, सुकवते आणि पुन्हा हवेतच मोजते.

घट साधारण बारा हर्ट्झ. हा आकडा मला प्रत्येक वेळी उभारी देतो. थायॉलच्या रेणूचं डोकं गंधकाचं. गंधक सोन्याला घट्ट धरतो आणि अठरा कार्बनची शेपटी वर उभी राहते, शेजाऱ्याला लगटून, किंचित कलून. दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४.६ गुणिले १० चा १४ वा घात एवढे रेणू मावतात. वहीत गुणाकार केला तर त्यांचं वजन २१८ नॅनोग्रॅम येतं, म्हणजे बारा हर्ट्झच्या जरा वर. एकच थर, जेमतेम दोन-सव्वादोन नॅनोमीटर जाडीचा, पूर्ण भरलेला. आठ हर्ट्झ आले असते तर थराला भोकं आहेत, वीस आले असते तर वर काहीतरी फालतू चिकटलंय, असं समजून आजचा दिवस चकती धुण्यात गेला असता.

सकाळी सव्वादहा

चकती पेटीत बसवून पंप सुरू. बफर आधी निर्वात पंपाखाली ठेवून त्यातली हवा काढलेली असते, कारण नळीतून एक बुडबुडा आला की आलेखाची रेघ उडते आणि पुढचं काही वाचता येत नाही.

एका बाजूला पाणी लागताच वारंवारता सुमारे ६७० हर्ट्झ खाली जाते. चकतीवर पाणी चिकटून बसलेलं नाही, ते वाहतंय. पण सरकणारं पृष्ठ आपल्यालगतच्या पाण्याला बरोबर ओढतं. ही ओढ आत फार जात नाही, २४० नॅनोमीटरच्या आसपास ती विरू लागते. द्रवात ठेवलेली चकती थरथरत राहूच शकणार नाही असं बरीच वर्षं मानलं जाई. १९८० च्या सुमारास जपानमध्ये नोमुरा यांनी ती चालवून दाखवली, आणि १९८५ मध्ये अमेरिकेत कानाझावा आणि गॉर्डन यांनी ही घट द्रवाची घनता आणि विष्यंदिता यांवरून किती यावी याचं सूत्र दिलं.

तापमानाची गोम या सूत्रात आहे. पाण्याची विष्यंदिता तापमानाबरोबर भराभर बदलते. २० अंशांच्या पाण्यात हीच घट ७१४ हर्ट्झ असते, २५ अंशांत ६७३. म्हणजे अंशामागे आठ हर्ट्झ. माझा अख्खा थायॉलचा थर बारा हर्ट्झचा! पाणी दीड अंशानं थंड झालं तर न बसलेला एक थर बसल्यासारखा दिसेल. थंड देशातल्या, भिंतीतून वातानुकूलन असलेल्या प्रयोगशाळेत लिहिलेल्या कार्यपद्धतीत यावर एक ओळ असते. खानदेशात याच ओळीवर अर्धा दिवस जातो, आणि तो द्यावाच लागतो.

म्हणून आता वाट बघणं. रेघ तासाभरात एखाद्या हर्ट्झहून जास्त ढळत नाही तोवर पुढं जायचं नाही. ऊन खिडकीच्या बाजूनं सरकतंय, पेटीचा आकडा २५.० वर टिकलाय. या वेळात मी चिकाचे नमुने तयार करते. ताजा चीक, परवाचा सावलीत वाळवलेला आणि परवाचाच उन्हात वाळवलेला. प्रत्येक नमुना बफरमध्ये विरघळवून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं निवळ द्रावण घ्यायचं आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशात बघून तिन्हींतलं प्रथिनाचं प्रमाण सारखं करायचं. हे नाही केलं तर आपण विकराची ताकद मोजली की फक्त जास्त चीक टाकला, हे कळणार नाही. चिकात पपेन एकटं नसतंच, कायमोपपेन आणि आणखी एक-दोन भाऊबंद असतात. मी मोजते ती सगळ्यांची मिळून कापण्याची ताकद. शेतकऱ्याला मात्र तीच विकायची असते.

दुपारी १२

केसिन सोडलं. दुधातलं हे प्रथिन थायॉलच्या तेलकट शेपट्यांवर झटक्यात बसतं. रेघ खाली घसरते, मंद होते, वीस-पंचवीस हर्ट्झवर सपाट होते. मग पुन्हा नुसतं बफर, म्हणजे नीट न बसलेलं केसिन धुऊन जातं. उरलेला थर माझी कसोटीची पाटी.

एकला जेवण. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि लसणाची चटणी, पायरीवर सावलीत. आत पंप चालूच.

दुपारी दीड

थेट चीक सोडायचा मोह होतो, पण आधी एक अडचण निस्तरायची असते. पपेनची ऑक्सिजननं बिघडलेली जोडी दुरुस्त करायला बफरमध्ये थोडं मोकळं सिस्टीन घालतात. त्या सिस्टीनलाही गंधकाचं डोकं आहे आणि चकती सोन्याची आहे! थायॉलच्या थरात कुठे फट असेल तर सिस्टीन तिथं जाऊन बसेल आणि वजन वाढल्याचं दाखवेल. म्हणून आधी सिस्टीनचं बफर एकटंच वाहू द्यायचं. रेघ हलली नाही तर पुढं. आज हलली नाही. सकाळचे बारा हर्ट्झ खरे होते, याची ही दुसरी साक्ष.

दुसरी खात्री शेजारच्या चकतीवर. तिच्यावरही तसाच केसिनचा थर, पण तिला मिळणारा चीक आयोडोअसिटामाइडनं बंद केलेला. हे रसायन सिस्टीनच्या गंधकाला कायमचं झाकतं. तिथं रेघ थोडी खाली जाते आणि तिथंच राहते. विकर केसिनवर येऊन बसलं, पण कापू शकलं नाही.

आणि आता ताजा चीक, मिलिलिटरला जेमतेम दहा मायक्रोग्रॅम प्रथिन. पहिल्या काही सेकंदांत रेघ इथंही खाली जाते, विकर थरावर उतरतंय. मग ती थबकते, वळते आणि वर चढू लागते. केसिनच्या साखळ्या तुटताहेत, तुकडे पाण्याबरोबर वाहून चाललेत, चकती हलकी होतेय. हा चढ पडद्यावर बिंदू-बिंदूनं उमटताना मी दुसरं काही करत नाही. सकाळी नानांच्या बॅटरीच्या उजेडात फळावरून ओघळलेल्या थेंबाचं काम डोळ्यांपुढं चाललेलं असतं, नॅनोग्रॅम-नॅनोग्रॅमनं.

दुपारी ३

पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं यंत्र बघायला आली. धडगावकडून आलेल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, रेघ वर गेली म्हणजे थर गेलाच कशावरून? नुसता सैल झाला असेल तर?"

याहून चांगला प्रश्न या यंत्राला विचारता येत नाही. साउरब्राय यांचं समीकरण पातळ, ताठ, चकतीबरोबर घट्ट हलणाऱ्या थरासाठी आहे. प्रथिनाचा थर पाणी पिऊन लिबलिबीत होतो. तो चकतीबरोबर पूर्ण हलत नाही, मागं रेंगाळतो, आणि मग हर्ट्झचं सरळ नॅनोग्रॅम करता येत नाही. शिवाय चकती त्या थरात धरलेलं पाणीही वजनात धरते. यावर उत्तर स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात मिखाएल रोडाल, बेंग्ट कासेमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यंत्रात बसवलं. चकतीला वीज देणं क्षणभर थांबवायचं आणि तिचं थरथरणं किती लवकर विरतं ते बघायचं. देवळातल्या घंटेला हात लावला की नाद चटकन मरतो, तसा मऊ थर चकतीची ऊर्जा खातो. ताठ थर खात नाही.

मी तिला दोन्ही रेघा एकत्र दाखवल्या. वारंवारता वर चढत होती आणि ऊर्जेचा क्षय खाली येत होता. थर नुसता सैल झाला असता तर क्षय वाढला असता. मग तिसऱ्या आणि पाचव्या ओव्हरटोनच्या रेघा काढल्या, म्हणजे चकती १५ आणि २५ मेगाहर्ट्झलाही हलवून बघितलेली. आपापल्या क्रमांकानं भागल्यावर त्या शेवटी जवळजवळ एकावर एक आल्या. म्हणजे जे उरलंय ते पातळ आणि ताठ आहे. मधल्या काही मिनिटांत मात्र त्या फाकलेल्या होत्या. ती बोट ठेवून म्हणाली, "इथं सैल झाला होता ना?" होय. आधी विकर थर उसवतं, मग तो जातो. तिला मी पुढच्या आठवड्यात चकती धुवायला बोलावलंय. हात स्थिर दिसले आणि घाईनं मान डोलावत नाही.

दुपारी साडेचार

सावलीतल्या चिकाचा चढ ताज्याहून जरा आडवा, पण खणखणीत. उन्हातल्याचा चढ सुरुवातीला इतका मंद की रेघ वळली की नाही असा प्रश्न पडावा. सिस्टीनच्या बफरमध्ये जास्त वेळ ठेवून पुन्हा सोडला तेव्हा तो सुधारला, पण सावलीतल्याच्या जवळ आला नाही. जे परत आलं ते थोडं बिघडलेलं होतं, जे आलं नाही ते गेलंच. रंगाकडे बघून एवढं कळलं नसतं. उन्हातली पूड फक्त किंचित पिवळट होती.

याला बाजाराची बाजू आहे. पपईच्या दरावरून आमच्याकडे शेतकरी आणि व्यापारी यांच्यात हंगामागून हंगाम ओढाताण होते, आणि व्हायरस आलेल्या बागेतलं फळ तर कुणी उचलत नाही. चिरा दिलेलं फळ ताज्या बाजारात चालत नसलं तरी टूटी-फ्रूटीच्या कारखान्याला कच्ची पपईच लागते. चीक नीट वाळवला तर त्याच फळातून दोनदा पैसा निघू शकतो. नीट म्हणजे किती अंशांवर, किती वेळ, कोणत्या ताटलीत, याचं उत्तर मला इथल्या हवेसाठी हवंय. रोगट बागेतल्या चिकाची ताकद निरोगी झाडाइतकीच असते का, हेही अजून मोजायचंय. तो नमुना शेजारच्या गावातून येणार आहे.

साडेपाचला पंपातून आधी साबणाचं पाणी, मग शुद्ध पाणी, मग हवा. चकत्या काढून नव्या दोन थायॉलमध्ये बुडवते आणि बाटलीवर तारीख घालते. वहीत पेटीचं तापमान दर अर्ध्या तासाचं लिहिलंय. आज २४.९ ते २५.१. आकडेमोडीच्या आधी मी हीच पानं तपासते.

रात्री ८

नाना ओसरीवर बसलेले. आमच्याकडे घरात अहिराणी, हिशेब मराठीत.

"आज कोनता चीक भारी पडना व माय?"

सावलीतला, मी सांगितलं. उन्हातला निम्म्यावरही टिकला नाही. त्यांनी मान हलवली नाही. वाऱ्यात दोन दिवस ठेवला तर त्यावर बुरशी येते, पावसाळ्यात तर येणारच, हा त्यांचा मुद्दा, आणि तो बरोबर आहे. गच्चीवर काळ्या पत्र्याची पेटी करून आत फक्त गरम हवा खेळवली आणि ऊन थेट लागू दिलं नाही तर? पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. बेदाण्याची शेड त्यांनी सांगली जिल्ह्यात बघितली आहे, जाळ्यांची मांडणी ते तिच्यावरून करणार. पत्रा गोठ्यामागं पडलाय. चीक मात्र पत्र्याला लागता कामा नये, ताटल्या प्लास्टिकच्याच, हे मी दोनदा सांगितलं.

उद्या पहाटे तीन ताटल्या भरायच्या आहेत, तिसरी पेटीसाठी. पेटीत ठेवायचा तापमापक मी प्रयोगशाळेतून आणलाय.